कुंडाखालचा तांबडा थर

ह्या प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत लोणच्याची एक रिकामी बरणी होती, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेली, आणि सोबत एक पितळी उलथनं. मिरजेच्या स्टँडवर कंडक्टरने पिशवी पायाने आत सरकवली, बरणी खणकली आणि मी त्याच्यावर खेकसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लेकीकडे लोणचं घालून द्यायला निघालात का?" जानेवारीत कोण लोणचं घालतं! पण खरं कारण सांगितलं असतं तर त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या असत्या. मी मुकाट्याने हो म्हणालो.

खरं कारण असं की माझा मित्र इस्माईल मरायला टेकला होता. जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक, राहणार अंजनवेलच्या अलीकडचं खाडीकाठचं एक गाव. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा चिपळूणला नेऊन त्याचं रक्त मशीनवर शुद्ध करावं लागे. शनिवारी त्याचा फोन आला. "बापू, मशीन बंद केलं मी. आता झेपत नाही. डॉक्टर म्हणतो आठवडा, फार तर दोन. तू ये. पण येताना माझ्या त्या गरम पाण्याच्या कुंडावर उतर आणि त्या तांबड्या थराचा एक तुकडा आण. मला एकदा बघायचाय."

मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "रडगाणं नको. बरणी उकळून घे. उलथनं पितळेचं आण. थर मोडू नकोस, पाण्यासकट उचल. मी तिथे फोन करून ठेवतो."

सोमवार, कुंभार्ली घाट आणि चिपळूण

कराड सोडलं, पाटण गेलं, कोयना मागे पडली आणि बस घाट उतरायला लागली. देशावरचा माणूस घाट उतरताना नेहमी जरा खुशीत येतो. हवा जड होते, माती लाल होते, पोटात भूक उठते. मला ह्या वेळी काही झालं नाही. खिडकीतून आंब्याचा मोहोर दिसत होता आणि मला वाटत होतं, ह्याचा आंबा होईल तेव्हा इस्माईल नसेल.

कोल्हापूरला बी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहिलो. मी रसायनशास्त्राचा, तो जीवशास्त्राचा. भांडायला विषय हवा होता, तो पहिल्याच महिन्यात सापडला: पृथ्वीवर पहिला जीव आला कसा? एकदा तर आम्ही प्रयोगच मांडला. सुरुवातीच्या पृथ्वीवरची हवा म्हणून गोबरगॅस आणि अमोनिया, समुद्र म्हणून ऊन पाणी, वीज म्हणून स्कूटरच्या कॉइलची ठिणगी. आठवड्याने फ्लास्कमधलं पाणी तपकिरी झालं. इस्माईलने वास घेतला आणि म्हणाला, "बापू, जीव नाही झाला. चहा झाला." दुसऱ्या दिवशी फ्लास्क तडकला आणि रेक्टरने आम्हाला दोघांनाही झापलं.

इस्माईलचं म्हणणं असं की जीव जमिनीवरच्या उथळ, ऊन डबक्यात जन्मला. काठावर पाणी चढतं, वाळतं, पुन्हा चढतं. वाळताना त्यातले रेणू एकमेकांजवळ येतात, जुळतात, त्यांच्या साखळ्या होतात. असं लाखो वर्षं चाललं की एखादी साखळी स्वतःची नक्कल करायला लागते. माझं म्हणणं, हे सगळं समुद्राच्या तळाशी झालं, पृथ्वीच्या पोटातलं तापलेलं पाणी जिथे भेगांतून वर येतं तिथे. खनिजं आहेत, खालून ऊर्जेचा अखंड पुरवठा आहे, आणखी काय पाहिजे? तो म्हणे, अथांग पाण्यात तुझ्या साखळ्या टिकणार कशा, विरघळून जातील. मी म्हणे, खडकाच्या बारीक छिद्रांत टिकतील. पत्रांतून, मग फोनवर, मग मोबाइलवर हे चाळीस वर्षं चाललं. जीव उल्केवर बसून आभाळातून आला असं कुणी म्हटलं की मात्र आमची युती व्हायची. त्याने प्रश्न सुटत नाही, नुसता परगावी पाठवला जातो, यावर आमचं एकमत होतं.

तो पाच वेळचा नमाजी आणि मी देवळाबाहेर चपला सांभाळणारा. यावरून मी त्याला चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "आमच्या किताबात आहे, जे जिवंत आहे ते पाण्यापासून केलं. कुठल्या पाण्यापासून, ते शोधायला मास्तरांना ठेवलंय." खरं काय ते अजून कुणालाच ठाऊक नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारायची, सर, मग परीक्षेत काय लिहायचं?

चिपळूणला लॉजवर उतरलो. खालच्या खानावळीच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक रेघ रंगवलेली होती. मालक म्हणाला, "पुरात वाशिष्ठी इथवर आलेली. रेघ पुसून काढली असती, पण गिऱ्हाईक विचारतात." तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. आमची ज्वारीची भाकरी ताटात ताठ बसते, ही रुमालासारखी पडून राहते. एरवी प्रवासवर्णनात मी ह्या भाकरीवर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी एकच खाल्ली आणि वर जाऊन झोपलो.

मंगळवार, कुंड

हायवेला संगमेश्वरच्या बाजूला गरम पाण्याचे झरे बरेच आहेत. इस्माईलचं कुंड त्यांतलं आडबाजूचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते का हे पुढे कळेल.

नोकरीच्या सुरुवातीला त्याची नेमणूक ह्या गावच्या शाळेत होती. देवीच्या छोट्या देवळासमोर काळ्या दगडाचं चौकोनी कुंड आहे. त्यातून पाणी बाहेर पडतं आणि दगडी पाटातून शेताकडे जातं. पाटात थोडं पुढे पाणी निवलं की नेहमीचं हिरवं शेवाळ लागतं. पण अगदी वर, जिथे हात धरवत नाही इतकं पाणी कढत असतं, तिथे इस्माईलला एक तांबडा-नारिंगी थर दिसला होता. बोटभर जाड, सायीसारखा, थरावर थर. सूक्ष्मजीवांची वसाहत. तो कधी म्हणाला नाही की हाच पहिला जीव. एवढंच म्हणायचा की पहिला जीव जगला असेल तर असाच, एकमेकाला धरून, कढत पाण्यात, कुणी बघत नसताना. बदली होऊन खाडीकाठी गेला तरी दर जानेवारीत तो इथे यायचा, पाटाशी बसून त्या थराची कड जलरंगात काढायचा आणि घरी जायचा. चित्रकलेच्या तीस वह्या भरल्या. दर वर्षी मला बोलवायचा. मला परीक्षा असायच्या, लग्नं असायची, मग गुडघे होते. मी एकदाही गेलो नाही. ह्याचं मला आता काय वाटतं ते लिहून कागद भिजवत नाही.

फाट्यावर उतरून मैलभर चाललो. थंडीमुळे लांबूनच वाफ दिसली. देवळाशी एक चाळिशीची बाई पदर खोचून उभी होती. ही सुमन, देवळाच्या गुरवाची सून. मला बघताच हात जोडून पुढे आली.

"सर ना? मिरजेचे? गुरुजींचा फोन आला होता. म्हनलान, माझा मित्र येतोय, मोठा शास्त्रज्ञ हाय, आपलं कुंड बघायला मुद्दाम येतोय. तवापासना वाट बघतंव."

मी शास्त्रज्ञ नाही, साधा मास्तर आहे, हे सांगायच्या आतच मला तो वास आला. शाळेची पाण्याची टाकी धुतल्यावर येतो तो. ब्लीचिंग पावडर.

पाटाच्या दोन्ही बाजूंना रांगोळी घातलेली होती. मधून वाफाळतं पाणी वाहत होतं आणि पाण्याखाली काळा दगड आरशासारखा चमकत होता. वरपासून खालपर्यंत. हिरवं नाही, तांबडं नाही, काही नाही.

"इथे," मी म्हणालो, "इथे तांबडं काहीतरी होतं ना?"

"तेच तर!" सुमनचा चेहरा फुलला. "किती वर्सांचं शेवाळ ते, सर. निघंना. आमी पाच बाया, दोन दिस घासलांव. वरनं पानी आडवलांव, पावडर टाकून ठेवलांव, मग सोडणांनी घासलांव. गुरुजींचा पावना येनार आनि पाट असा मेनचट? बरं दिसतं काय?"

सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर निघणारं केसाळ साल. कोकणात त्याने भांडी घासतात. मी पाटाच्या कडेला बसलो.

"कुणी सांगितलं नव्हतं? हात लावू नका म्हणून?"

"सासरे सांगायचे. कुनाला फिरकू द्यायचे नाय तिथं. देवीचं कुंकू हाय म्हनायचे, हात लावाल तर कोप होईल." ती जरा खालच्या आवाजात बोलली. "पन ते भाबडे हो, सर. गुरुजींनीच आमाला शाळेत शिकवलानी ना, शेवाळ म्हंजे घान, रोगराई. शिकलेला मानूस येनार, तो काय कुंकू म्हननार त्याला? सासरे गेले गेल्या आखाडात. म्हटलं, आता करून टाकूया."

मला सगळं एकदम दिसलं. तीस वर्षांपूर्वी इस्माईलने गुरवाला सांगितलं असणार, हे राखायचं. गुरवाला सूक्ष्मजीव समजावणं कठीण, म्हणून त्यानेच कुंकवाची युक्ती सुचवली असेल किंवा म्हाताऱ्याने आपल्या समजुतीने तसं मानलं असेल. एका माणसाच्या शब्दावर ते सगळं टिकून होतं. तो माणूस गेला आणि मग इस्माईलने फोन केला.

तिने मला उठू दिलं नाही. तांदूळ फडक्यात बांधून कुंडात सोडले होते, ते पुरचुंडी ओढून काढले. वर ओल्या नारळाचं तिखट घातलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात, इथे थेट भात. मी खात होतो आणि ती समोर बसून कुंडाची गोष्ट सांगत होती. देवीकडे एकदा पाहुणे येणार होते, खूप लांबून. तिने भाताला आधण ठेवलं. पाहुणे आले नाहीत. ती आधण उतरवीना. म्हणाली, येतील. ते आधण अजून उकळतं आहे.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"ते कुनाला ठावं? मानसं नव्हती तवापासना."

चाळीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या उपपत्तींत मला ही एकच त्या क्षणी पटली. ती बघत होती म्हणून भात सगळा संपवला.

नंतर चष्मा चढवून, भिंग घेऊन मी पाटाची वीतन् वीत तपासली. सांध्यांतून, भेगांतून बघितलं. बायांनी कामात कुचराई केली नव्हती. इतकं मन लावून घासलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नाही. बांधावर मात्र वापरलेली सोडणं वाळत टाकली होती. त्यांतलं एक उचललं. केसांच्या बुडाशी तांबूस काहीतरी चिकटून सुकलं होतं. सुमनची पाठ वळलेली बघून मी ते बरणीत घातलं आणि झाकण लावलं.

"फोटो पाठवू काय गुरुजींना?" तिने मोबाइल काढला. "बघून बरं वाटंल. आजारी हायत ना?"

"नको नको," मी घाईने म्हणालो. "मीच उद्या जातोय. मीच दाखवतो." तिने माझ्याकडून नंबर घेतला, मला फोटो पाठवला आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटीत चढताना म्हणाली, "सांगा हां गुरुजींना, सुमननं केलान म्हनून."

बुधवार, खाडीकाठ

चिपळूणच्या लॉजवर सकाळी मला एक भयंकर कल्पना सुचली. मागच्या हौदाच्या भिंतीवर बुळबुळीत, तांबूस-हिरवं शेवाळ होतं. उलथनं घेऊन मी तिथे गेलो. मरणाऱ्या माणसाला काय दिसणार आहे? एक पापुद्रा उचललाही. मग आठवलं की हा माणूस तीस वर्षं त्या थराची कड रंगवत होता. त्याला फसवायचं म्हणजे आईला दुसरंच मूल दाखवून हे तुझं म्हणण्यासारखं होतं. पापुद्रा हौदात टाकला, हात धुतले आणि गुहागरची बस पकडली.

बसमध्ये मी तीन खोटी कारणं तयार केली. झरा आटलाय. बरणी फुटली. रस्ता बंद होता, जाताच आलं नाही. तिसरं सगळ्यांत बरं वाटत होतं. उतरून खाडीच्या कडेने चालत निघालो तर वाळत घातलेली जाळी, बंद घरांची रांग, त्यांच्या दारांवर गंजलेली कुलपं. माणसं आखातात नाहीतर मुंबईला. पलीकडे वीज प्रकल्पाची धुराडी दिसत होती.

इस्माईलची बायको दारातच होती. आम्ही सगळे तिला भाभी म्हणतो. "आलाव भाई? सकालपासना इचारतात, बापू आला काय, बापू आला काय." तिचे डोळे सुजलेले होते. मुलगा कुवेतहून निघाला होता, शुक्रवारी पोचणार होता.

पडवीत खिडकीखाली खाटेवर इस्माईल पडला होता. चेहरा सुजलेला, कातडी राखेच्या रंगाची. मला ओळखू येईना आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तो म्हणाला, "बघतोस काय, मीच आहे." उशाशी तिपाईवर शाळेतून निवृत्तीला मिळालेला सूक्ष्मदर्शक पुसून ठेवलेला होता. बाजूला काचपट्ट्या, पिपेट, भांडंभर पाणी. सगळं मांडून तो वाट बघत बसला होता.

भाभीने सांदणं आणून ठेवली, तांदळाची, गोड, वाफेवरची. मी एक तोडून तोंडात घातलं, म्हणजे बोलायला नको.

"बरणी काढ," इस्माईल म्हणाला.

रस्ता बंद होता, हे वाक्य मी जिभेवर आणलं. मग त्याच्याकडे बघितलं आणि बरणी काढली.

त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. आत पाणी नव्हतं. नारळाचं एक सोडण होतं. कोकणातल्या माणसाला सोडण बघून काय घासलंय हे विचारावं लागत नाही. त्याने झाकण काढलं, वास घेतला आणि बरणी छातीवर ठेवली. मी रडायला लागलो होतो. मला लाज वाटली नाही.

"कुणी?"

"सुमनने. म्हातारा गुरव गेला गेल्या वर्षी. पाहुणा येणार म्हणून. तुझा फोन गेला ना."

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"तसं नाही रे—"

"तसंच. तीस वर्षं गप्प राहून राखलं आणि शेवटी एक फोन केला. दे, लाव काचेवर."

भाभीने सोडणाचे दोन केस तोडले, मी ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चोळले. आम्ही दोघांनी त्याला धरून बसवलं. त्याने डोळा लावला, स्क्रू फिरवला. बोटं सुजलेली होती, पण स्क्रूवर ती अजून हलकी होती.

"नळ्या दिसतात," थोड्या वेळाने म्हणाला. "ते जीव राहतात त्या. पण आत कुणी नाही." मग खिडकीबाहेरच्या बंद घरांकडे हनुवटीने दाखवलं. "आमच्या गावासारखं."

त्याला परत निजवलं. धाप लागली होती. भाभी सारखी म्हणत होती, बोलू नका, आणि तो बोलत होता.

"बापू, तू जिंकलास."

"काय जिंकलो?"

"तळाची कुंडं. तुझं खरं. विचार कर. सुरुवातीला आभाळातून धोंडे कोसळत होते. समुद्र उकळून गेले असतील. वरचं सगळं कितीदा घासलं गेलं असेल. माझ्या डबक्यात जीव सुरू झाला असेलही, दहादा झाला असेल, दहादा पुसला गेला असेल. टिकला असेल तो तुझ्या तळाशी. तिथे खाली जाऊन कोण घासणार?"

चाळीस वर्षं मला हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हणालो, "नाही, तुझंच बरोबर आहे. साखळ्या समुद्रात टिकणार नाहीत. काठच हवा, वाळणं हवं." माझ्याच मुद्द्यांविरुद्ध मी त्याचे मुद्दे एकामागून एक मांडत सुटलो. तो चिडला.

"मरणाऱ्याला पास करू नकोस, बापू. आयुष्यभर कॉपी पकडलीस, आता स्वतः करतोस?"

भाभीला हसू आलं आणि हसता हसता ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दुपारी त्याला थोडी झोप लागली. मी वह्या बघत बसलो. पहिल्या वहीत थर तळहाताएवढा होता, शेवटच्या वहीत पाटाचा अर्धा भाग त्याने व्यापला होता. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने एकच शब्द होता: 'आहे.' तीस वह्या, तीसदा 'आहे'.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानला त्याला जाग आली. त्याने पडल्या पडल्या डोळ्यांनीच नमाज केली आणि मग मला जवळ बोलावलं.

"सुमनला सांगू नकोस."

"बरं."

"बरं नाही, शब्द दे. पाहुण्यासाठी केलंय तिने. आपल्या हातून काय गेलं हे कळलं तर जन्मभर लागेल पोरीला. मी तिला तिसरीपासून ओळखतो, मनाला लावून घेणारी आहे."

मी शब्द दिला.

"आणि ते येईल परत," तो म्हणाला. "एखाद्या भेगेत उरलं असेल, तुझ्या भिंगाला न दिसलेलं. दहा-पंधरा वर्षं कुणी हात लावला नाही तर येईल. मी नसेन, तूही नसशील बहुतेक." मग म्हणाला, "फक्त हात लावता कामा नये."

हात लावता कामा नये आणि सांगताही कामा नये. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र कशा जमणार हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. बसची वेळ झाली होती आणि त्याचा हात माझ्या हातात होता.

मिरज

इस्माईल पुढच्या मंगळवारी गेला. मुलगा वेळेवर पोचला होता. मला पोचता आलं नाही. बरणी भाभीने तशीच ठेवली आहे, सूक्ष्मदर्शकाशेजारी. तिने फोनवर विचारलं, "भाई, ह्याचा काय करू?"

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी मोबाइलवर सुमनचे फोटो आले, एकापाठोपाठ सात. पाच बाया, पदर खोचलेल्या, पाटात वाकलेल्या, हातांत सोडणं. काळा दगड. बाजूला पांढऱ्या पावडरची पिशवी. शेवटच्या फोटोत पाटाच्या तोंडाशी रांगोळीने लिहिलं होतं: 'इस्माईल गुरुजी'. खाली तिचा निरोप होता:

'सर, गुरुजी गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. त्यांच्या नावाने आम्ही बचत गटाच्या बायांनी पाट पुन्हा घासून काढला. बारीक भेगांत थोडं लाल यायला लागलं होतं ते पण काढलं. आता दर महिन्याला करणार असं ठरवलंय. तुम्ही परत या. येण्याआधी फोन करा, म्हणजे धुऊन ठेवतो.'

थोडं लाल यायला लागलं होतं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. मग उत्तर लिहायला घेतलं. 'सुमनताई, ते शेवाळ नव्हतं' एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दिलेला शब्द आठवत होता आणि तो ज्याला दिला त्याच्या चित्रांखालचा शब्दही आठवत होता. शेवटी 'छान केलंत' असं लिहून पाठवलं. इतकं खोटं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. तिने लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं.

हे प्रवासवर्णन गावाच्या नावाशिवाय लिहिलं ते सुमनला कधी कळू नये म्हणून. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते कुंड ओळखू आलं, तर तिकडे जरूर जा. सुमन भात घालील, तिची देवीची गोष्ट ऐका. पण जाण्याआधी फोन करू नका. मीही गेलो तर न कळवताच जाणार आहे.